'हार्ट फेल्युअर'ला मराठीत काय लिहायचं? आणि 'रेस'ला?

रानजाई: अमेरिकेतल्या मधुमेहींवरचा एक लेख मराठीत करतेय. तिथे डायबेटिस असलेल्या कृष्णवर्णीय लोकांना हार्ट फेल्युअरमुळे गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा अ‍ॅडमिट व्हावं लागतं, असा विषय. मी 'हृदय निकामी होणे' लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, हार्ट फेल म्हणजे माणूस गेला, मग अ‍ॅडमिट कोणाला केलं? आणि 'रेस'ला वंश लिहू की वर्ण?

गोदाकाठ: सासूबाईंचं बरोबर आहे ताई. आमच्या नाशकात 'हार्ट फेलनं गेले' असंच म्हणतात. पण या आजारात हृदय बंद पडत नाही, रक्त ढकलायची ताकद कमी पडते, मग पाणी साठतं, पाय सुजतात, चार पायऱ्या चढलं की धाप लागते, आणि रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय पाठ टेकवत नाही. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी 'पंपिंग कमी झालंय' एवढंच सांगितलं, सगळ्या घराला कळलं. तेच लिहा.

शब्दवेडा: पंपिंगच लिहायचं तर अनुवाद करायचा कशाला? 'हृदयक्षीणता' म्हणा. क्षीण कोणाला कळत नाही?

गोदाकाठ: क्षीण आणि क्षय एकाच धातूतले ना? पेशंटला टीबी वाटेल.

शब्दवेडा: वापरलाच नाही तर रुळणार कसा? आणि 'वंश' अजिबात नको. वंश म्हणजे मुळात बांबू, पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी. वंशावळ, निर्वंश, सगळीकडे रक्ताचं नातं. वाचणारा म्हणणार, यांच्या रक्तातच खोट आहे.

स्टेथो: व्युत्पत्ती राहू द्या, पण हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांवरच्या हृदयविकाराच्या 'मेसा' अभ्यासात (2008) दरवर्षी हजारात साधारण 4.6 कृष्णवर्णीयांना हार्ट फेल्युअर झालं, गोऱ्यांत 2.4, चिनी वंशाच्या लोकांत 1. पण बीपी आणि डायबेटिस हिशेबात धरल्यावर वंशाचा म्हणून वेगळा फरक फारसा उरला नाही. म्हणजे त्यांच्यात बीपी लवकर सुरू होतं, वर्षानुवर्षं आटोक्यात येत नाही, विमा नसतो, आणि दवाखाना गाठेपर्यंत हृदय थकलेलं असतं. एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळीनं मधुमेहींचं या कारणानं अ‍ॅडमिट होणं कमी होतं हे 2015 मध्ये दिसलं, तरी या गटातल्या गोळ्या तिथे कृष्णवर्णीय पेशंटना कमी लिहून दिल्या जातात. याला वंश काय करणार?

पैलतीर: मी न्यू जर्सीत राहते. इथे फॉर्मवर आपण स्वतःच खूण करतो, आम्ही 'एशियन'वर करतो, त्यात जपानी पण आले आणि आपण पण. रक्त कोणी तपासत नाही. म्हणून 'स्वतः सांगितलेला वंश' असं लिहा, लांब वाटलं तरी चालेल.

शब्दवेडा: मग 'वर्ण' काय वाईट? वर्णद्वेष शब्द आपण कायम वापरतो.

पैलतीर: आणि चातुर्वर्ण्य? माझ्या मुलीला तेच आठवलं.

स्टेथो: शब्दानं काय होतं ते बघा. 2005 मध्ये तिथे हार्ट फेल्युअरचं बायडिल हे औषध फक्त कृष्णवर्णीयांसाठी म्हणून मंजूर झालं, त्यात दोन जुनीच औषधं एकत्र केलेली. किडनीच्या तपासणीच्या सूत्रातही कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, त्यामुळे त्यांची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसायची. तो 2021 च्या नव्या सूत्रात काढला.

रानजाई: डॉक्टर, हे लेखात टाकते. पण शीर्षकात काय लिहू?

शब्दवेडा: 'हृदयक्षीणता'. आणि ते 'अ‍ॅडमिट' आधी काढा, 'रुग्णालयात दाखल' लिहा.

वर्धेकर: आमच्या विदर्भात 'भरती केलं' म्हणतात, दाखल तर शाळेत करतात.

शब्दवेडा: भरती हिंदीतून आलीये.

वर्धेकर: अन् समुद्राची भरती कुठून आली, तीपण हिंदीतून का? 'भरणे' मराठीच आहे ना भाऊ?