लाइव्ह आणि रेकॉर्डिंग एकत्र चालू केलं की फ्रेम गळतात, मदत हवी आहे

ओबीएसमध्ये (स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) गेमचं नुसतं रेकॉर्डिंग लोण्यासारखं होतं. लाइव्ह जोडलं की स्टॅट्समध्ये ‘एन्कोडिंग लॅग’चा (एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा भाग, मागे पडल्याने गळलेल्या फ्रेम्स) आकडा 9 टक्क्यांवर जातो, गेममध्ये गाडी वळणावर आली की हमखास झटका. ड्रॉप्ड फ्रेम्स (नेटमुळे गळणाऱ्या) शून्य, म्हणजे नेटचा दोष नाही.

लाइव्ह: 1080पी, 60 एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स), सीबीआर (स्थिर बिटरेट) 6000, कीफ्रेम 2 सेकंद, एक्स264 (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर), प्रीसेट ‘फास्ट’. रेकॉर्डिंग: ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर, सीक्यूपी (स्थिर दर्जा) 18, एमकेव्ही फाइल.

गेम 60 एफपीएसवर बांधला, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, फरक नाही. (ड्रायव्हर ताजा आहे, ते सांगू नका.) प्रोसेसर सहा कोअरचा, दुसरा पीसी किंवा कॅप्चर कार्ड घेणं शक्य नाही. रेकॉर्डिंग एडिटिंगसाठी लागतं, त्यामुळे त्याचा दर्जा उतरवायचा नाही.

आता प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ करू, की लाइव्हही ग्राफिक्स कार्डावर टाकू? एकाच कार्डावर दोन्ही चालवताना गेमचे एफपीएस कितपत पडतात?