प्रोजेक्टचा कोड गिटहबवर: विभागाच्या नियमांबद्दल मतं हवीत

धागाकर्ती (इंजिनिअरिंगला शिकवते)
आमच्या विभागाचा मसुदा असा: गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टचे सगळे रेपो (बदलांच्या इतिहासासकट कोडचे फोल्डर) विभागाच्या खात्यात, खासगी. खुले करायचे तर गाईडची लेखी परवानगी. मी या बाजूची आहे. मागच्या सत्रात एका गटाने हजेरीचं ॲप केलं आणि चाचणीसाठी वर्गाची खरी यादी वापरली: नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), मोबाईल नंबर. रेपो जगाला खुला. चूक कळल्यावर पोरांनी फाईल डिलीट केली नि निर्धास्त झाली. मी त्यांच्या शेजारी बसून 'गिट लॉग -पी' (आजवरचे सगळे बदल दाखवणारी आज्ञा) टाईप केलं. पुसलेली यादी लाल ओळींत, नंबरांसकट, सरसर खाली यायला लागली. जुनं जपून ठेवायचं हेच तर गिटचं, म्हणजे गिटहबमागच्या बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामचं, काम. इतिहास नव्याने लिहिता येतो, पण मधल्या काळात कोणी फोर्क (स्वतःच्या खात्यात प्रत) केला असेल तर तो आपल्या हातात नाही.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी
मॅडम, यादी टाकणं चूकच. पण चूक माहितीची, कुलूप कोडला का? माझं घर तालुक्याच्या गावी, ओळखीचं कोणी कंपनीत नाही. मुलाखतीला दाखवायला माझ्याकडे हा प्रोजेक्टच आहे. शिवाय कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होतो, मग विभागाच्या खात्यातलं माझं काम मी बघणार कुठून?

सर्व्हर सांभाळणारा
गिटहबच कशाला? गिटलॅब हे तसंच सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर फुकट बसवता येतं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरिया, क्रायमियातल्या लोकांचे गिटहबवरचे खासगी रेपो एका फटक्यात बंद झाले होते. परक्याच्या घरात सगळं ठेवलं की असं होतं.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी
सर, आमच्या लॅबचा सर्व्हर दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला तो कॉलेज उघडेपर्यंत कुणी हात लावला नाही. बॅकअप कोण घेणार, ते आधी ठरू दे.

मुलाखती घेणारी
मी कमिट, म्हणजे कामाच्या एकेका टप्प्याच्या नोंदी, बघते. तीन महिने थोडं थोडं लिहिलेलं काम आणि आदल्या रात्री एका कमिटमध्ये ओतलेलं काम लगेच ओळखू येतं. खासगी रेपोत हे मला कसं दिसणार? मॅडमचा धोका मात्र खराच आहे. क्लाऊडची चावी (भाड्याचे सर्व्हर वापरायचा गुप्त कोड) चुकून खुल्या रेपोत पडली तर ती हुडकणारे बॉट टपलेलेच असतात. अशा वेळी फाईल पुसत बसू नका, आधी चावी रद्द करा.

धागाकर्ती
ईमेलचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवर, हे मसुद्यात घालते. प्रॅक्टिकल खासगीच राहतील, नाहीतर पुढच्या बॅचला उत्तरं आयती मिळतात. प्रोजेक्ट तोंडी परीक्षेनंतर खुला करा. पण त्याआधी कोणीतरी अख्खा लॉग तपासायचा, यावर मी ठाम आहे.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी
तपासा, मॅडम. फक्त एवढं लिहून घ्या: सात दिवसांत गाईडचं उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं.