भुजंगनाथ मॅट्रिमोनी ॲपवर... हसायचं की चिडायचं?

हरिपूरकर:
काल सांगलीत इथल्याच हौशी पोरांनी केलेलं विडंबन बघून आलो, दोन तासांत सौभद्र, शारदा, एकच प्याला, नटसम्राट सगळ्यांची खिचडी. आधी मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. शारदातला लग्नाळू म्हातारा भुजंगनाथ मॅट्रिमोनी ॲपवर वय टाकताना ७५ चे ५७ करतो आणि म्हणतो आकडे तेच आहेत की! पण एकच प्याला सुरू झालं आणि डोकं सटकलं. सिंधूचं जातं फिरेना म्हणून ती कस्टमर केअरला फोन लावते, इथपर्यंत ठीक, मग तिचा नवरा सुधाकर पिऊन मारायला धावतो तर मागून कार्टूनचे आवाज. बाई मार खातेय आणि हॉल खिदळतोय. देवल, खाडिलकरांच्या गावात हे? विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीता स्वयंवर हे पहिलं मराठी नाटक केलं ते इथंच ना?

तिसरी_घंटा:
काका भाव्यांना कशाला मधे ओढताय 😄 शारदातलं 'म्हातारा इतुका न' हे पद काय आरती आहे का, देवलांनी १८९९ मध्येच म्हाताऱ्याची टर उडवलीय, पोरांनी फक्त मोबाईल हातात दिला. आणि एकच प्याला लिहिणाऱ्या गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनीच झेंडूची फुले ही विडंबनं लिहून भल्या भल्या कवींची सालटी काढली. सोवळं नेसून नाटक बघायची सवय आपली नंतरची.

हरिपूरकर:
अरे पण गडकरी हसवतात ते दारुड्या तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात. सिंधूच्या घरात नाही.

पाटणकरांचा_बंड्या:
शारदाला हात लावू नये असं माझं मत, त्या नाटकामुळे बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा झाला.

तिसरी_घंटा:
नाही हो! १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा. सारडाचं शारदा आपण केलं.

विंगेतली_बाई:
मी पण होते कालच्या प्रयोगाला. मला तर सिंधूची टर उडवायलाच हवी असं वाटतं, नवरा एवढं करतो तरी ही आपली पतिव्रता, १९१९ ला बालगंधर्वांची सिंधू बघून लोकांनी डोळे पुसले असतील, मला वाचतानाच राग येतो. फक्त या पोरांनी तिच्या सोसण्याची टर उडवली नाही, मार खाण्याची उडवली. लिहिणाऱ्याला फरकच कळला नाही. बाकी माझ्या लेकीला मूळ पदं माहीत नव्हती, घरी येऊन रात्री यूट्यूबवर शोधत बसली, ते एक बरं झालं. (नटसम्राटचं मात्र वेगळं विडंबन कशाला, दर गॅदरिंगला होतंच की.)

हरिपूरकर:
ताई, सोसण्याची आणि मार खाण्याची, हे मला धड सांगता येत नव्हतं बघा.

तिसरी_घंटा:
हां, तो कार्टूनचा आवाज काढा म्हणून मी पण सांगतो त्यांना, ओळखीतली आहेत. रविवारी परत प्रयोग आहे, येताय का काका?

हरिपूरकर:
भुजंगनाथापर्यंत बसतो. पुढचं तुझ्या सांगण्यावर.