मदत हवी आहे: लिंबात मुरलेल्या इसवणाचा नेमका कोणता बंध तुटला?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची. मुलगी बारावी सायन्सला आहे. मी स्वतः कॉमर्सची, पण वाचलेलं ती मला मराठीत समजावून सांगते आणि तसं सांगितलं की तिचं पक्कं होतं. या वेळी मात्र दोघीही अडकलो.

शनिवारी इसवणाच्या (सुरमई माशाच्या) तुकड्यांना मीठ-लिंबू लावून फ्रीजमध्ये ठेवले आणि तळायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर कडा पांढऱ्या आणि घट्ट, अगदी शिजल्यासारख्या. गॅस तर पेटवलाच नव्हता. मुलगी म्हणाली, "आई, हे डिनेचरेशन, प्रथिनाचं मूळ रूप बिघडणं." मी विचारलं, "म्हणजे तुटलं काय?" ती आधी म्हणाली पेप्टाइड बंध, मग म्हणाली, तो नसावा.

आम्हाला समजलंय ते असं: प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्लं २० प्रकारची. एकाचा कार्बोक्सिल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, तो पेप्टाइड बंध. आम्लांचा क्रम म्हणजे प्राथमिक रचना. साखळीच्या कण्यातल्या सीओ आणि एनएच यांच्यात हायड्रोजन बंध होऊन अल्फा हेलिक्स (पीळ) किंवा बीटा शीट (पदर) बनते, ती द्वितीयक. पुढे अमिनो आम्लांच्या बाजूच्या गटांमुळे साखळीची घडी पडते, ती तृतीयक. हिमोग्लोबिनमध्ये चार असतात तशा एकाहून जास्त साखळ्या एकत्र आल्या की चतुर्थक.

आता प्रश्न. लिंबाने यातलं काय मोडलं? उकडलेलं अंडं थंड झाल्यावर पुन्हा पातळ का होत नाही? आणि डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला) सहसंयुज, म्हणजे घट्ट असूनही पुस्तकात तृतीयक रचनेत का येतो? तिची परीक्षा जवळ आलीय. कुणी नीट समजावून सांगाल का?

प्रतिसाद १

ताई, मुलीची दुसरी शंका बरोबर आहे. पेप्टाइड बंध लिंबाने तुटत नाही. प्रयोगशाळेत तो पूर्ण तोडायला ६ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला साधारण २४ तास ठेवावं लागतं. पोटात हेच काम पेप्सिनसारखी विकरं शरीराच्या तापमानाला करतात.

लिंबाने मोडली ती घडी. काही बाजूच्या गटांवर ऋण भार असतो, काहींवर धन, आणि त्यांच्या ओढीने घडी टिकायला मदत होते. आम्लातले हायड्रोजन आयन ऋण गटांना चिकटले की त्यांचा भार जातो. उरलेले धन भार एकमेकांना ढकलतात आणि साखळी उलगडते. पाण्यापासून आत लपलेले तेलकट गट उघडे पडतात आणि शेजारच्या साखळीच्या तशाच गटांना चिकटतात. त्या गुंत्यावर प्रकाश विखुरतो म्हणून तुकडा पांढरा दिसतो. अंड्यात उष्णतेने असाच गुंता होतो. थंड झाल्यावर प्रत्येक साखळीला एकटं सुटून जुनी घडी घालायला वावच राहत नाही.

साखळी एकटी असेल तर मात्र ती परत घडी घालू शकते. अ‍ॅनफिन्सन या शास्त्रज्ञांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर युरियात उलगडलं, त्याचे डायसल्फाइड बंधही तोडले. ती रसायनं काढून घेतल्यावर ते पुन्हा काम करू लागलं. घडी कशी पडायची हे अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेलं असतं. १९७२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मुलीला हे नक्की सांगा, धड्याचा जीव यात आहे.

एक सांगायलाच हवं. लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू उष्णतेने मरतात तसे मरत नाहीत. तळूनच खा.

प्रतिसाद २

डायसल्फाइडबद्दल. पातळी ठरते ती रचनेवरून, बंध किती घट्ट आहे यावरून नव्हे. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंची गंधकं जुळून साखळीचे लांबचे भाग जवळ बांधले जातात, म्हणून तो तृतीयक रचनेत येतो. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं आणि दोन साखळ्या. त्यांना जोडणारे असे दोन बंध, आणि तिसरा एकाच साखळीत.

फरक केसांत दिसतो. इस्त्रीने सरळ केलेले केस आपल्याकडच्या पावसात लगेच जुन्या वळणावर जातात, कारण बदललेले असतात ते हायड्रोजन बंध आणि ओलाव्याने ते मोडतात. पार्लरमध्ये रसायनाने सरळ करतात तेव्हा डायसल्फाइड बंध तोडून नव्याने जोडतात, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. केसांचं उदाहरण वाचून ती लगेच वही घेऊन बसली. आता तिचा पुढचा प्रश्न आहे: सिकल सेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं, मग तिथेही तेलकट गट चिकटतात असंच म्हणायचं का?

प्रतिसाद १

हो, अगदी तेच. तिला शाबासकी द्या.