स्ट्रेप्टोकॉकस पेशीला 'चिकटतो' की पेशी 'धरतो'?

प्रश्न : घशाच्या संसर्गावर मराठीत लेख लिहिते आहे. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूबद्दल 'पृष्ठभागावरच्या प्रथिनांमुळे स्ट्रेप्टोकॉकस घशातल्या पेशींना चिकटतो' असं लिहिलं होतं. संपादकांनी ते 'पेशींशी आसंजन होते' असं केलं. कोणतं ठेवू?

प्रतिसाद : आसंजन हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. तो एकदा कंसात द्या आणि पुढे साधं क्रियापद वापरा. मात्र 'चिकटतो' मलाही पुरेसा वाटत नाही. डिंक कशालाही चिकटतो, स्ट्रेप्टोकॉकस तसा नाही. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस घशाचं अस्तर आणि त्वचा निवडतो, तर त्याचाच भाऊबंद स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स दातावर बसतो. ही निवड पृष्ठभागावरची प्रथिनं करतात आणि 'चिकटतो'मध्ये नेमकी तीच हरवते.

पायोजेनिसचंच पाहा. घशात लाळ सतत वाहते आणि आपण गिळत असतो, तेव्हा धरून राहिलं नाही तर जिवाणू सरळ पोटात जाईल. पहिली भेट सैल असते. जिवाणू आणि पेशी या दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. त्यावर मात करायला जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या लायपोटायकोइक आम्लाची मदत होते असं मानतात. इथे 'टेकतो' म्हणा. मग प्रथिनं पुढे येतात. जिवाणूचं एफ१ नावाचं प्रथिन आपल्या शरीरातलं फायब्रोनेक्टिन हे प्रथिन पकडतं, आणि त्या फायब्रोनेक्टिनला पेशीवरचं इंटेग्रिन नावाचं प्रथिन धरतं. म्हणजे जिवाणू आणि पेशी यांच्यामध्ये आपलंच प्रथिन मध्यस्थ असतं. इंटेग्रिनवर अशी पकड बसली की पेशी कधीकधी जिवाणूला आत ओढून घेते. पेनिसिलीन पेशीच्या आत फारसं शिरत नाही, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रतिसाद : म्यूटान्सपुरतं 'चिकटतो' योग्यच आहे, एवढी भर घालते. लाळेतली प्रथिनं दातावर पातळ थर धरतात, त्यांना तो आपल्या पृष्ठप्रथिनाने धरतो हे खरं. पण आपण साखर खाल्ली की त्याची विकरं (एन्झाइम) तिच्यापासून ग्लुकान बनवतात, आणि ते अक्षरशः चिकट असतं. दातावरचं कीटण त्यानेच घट्ट होतं.

प्रश्न : आणि पायोजेनिसच्या पृष्ठभागावरचं एम प्रथिन? ते 'भित्तिकेत रोवलेलं असतं' असं लिहिलंय.

प्रतिसाद : 'रोवलेलं' छान आहे, ठेवाच. मात्र रोवणारा कोण, तेही सांगा. या प्रथिनाच्या शेपटाकडे ल्युसीन, प्रोलीन, कोणतंही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन, ग्लायसीन अशी ओळ असते. सॉर्टेझ हे विकर थ्रिओनीन आणि ग्लायसीनच्या मधोमध कापतं आणि थ्रिओनीनचं टोक पेशीभित्तिकेला जोडून देतं. दुसरं टोक बाहेर तंतूसारखं उभं राहतं. एफ१ही असंच रोवलं जातं.

एम प्रथिन 1928 मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखवून दिलं. त्याला फक्त 'चिकटण्याचं प्रथिन' म्हणू नका. ते त्वचेच्या पेशींना धरतं, पण त्याहून मोठं काम म्हणजे फायब्रिनोजेन वगैरे आपलीच प्रथिनं अंगावर ओढून पांढऱ्या पेशींच्या तावडीतून सुटणं. शिवाय त्याचे 200 हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर बहुधा चालत नाही, म्हणून पोरांचा घसा पुन्हा पुन्हा धरतो. या घशाच्या संसर्गानंतर कधीकधी येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापात हृदयावर घाला पडतो, त्यातही एम प्रथिनाचं हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाशी असलेलं साम्य हे एक कारण मानलं जातं. आपल्याकडे हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण अजून दिसतात, तेव्हा लेखात याला दोन ओळी द्याच.

तुमचं वाक्य मी असं करेन : 'स्ट्रेप्टोकॉकस आधी पेशीवर टेकतो, मग पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी तिला धरून ठेवतो (आसंजन).'

प्रश्न : हेच घेते. जिवाणूच्या अंगावर केसांसारख्या पिली असतात, त्यांना 'तंतू' म्हणू का?

प्रतिसाद : नको, एम प्रथिनही तंतूसारखंच दिसतं, वाचक गोंधळेल. पिलीच ठेवा.