गच्चीला कुलूप, गॅलरीत वाळवण कसं जमवायचं?

तिसरा मजला, वारजे
२१ एप्रिल २०२०

कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय आणि ३ मेपर्यंत तरी ते निघणार नाही. वाळवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांची कामंही बंद आहेत, त्यामुळे विकतच्या कुरडयांची आशा सोडलेली बरी.

घरात लोकवन गहू २ किलो, जुना बटाटा ४ किलो, साबुदाणा १ किलो आणि मूगडाळ १ किलो आहे. गॅलरी नऊ बाय चार फूट, पश्चिमेची. समोर ग्रिल, डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. ऊन दुपारी दोनच्या सुमाराला येतं ते साडेसहापर्यंत. कबुतरं मुबलक.

यातलं काय करावं आणि काय सोडून द्यावं? एवढ्याशा उन्हात कुरडई वाळेल की आंबेल? रात्री पंख्याखाली ठेवलं तर चालतं का? बाजूच्या विंगेत दक्षिणेची गॅलरी आहे, तिथे दिवसभर ऊन मिळेल असं सगळे म्हणतात, ते खरं का? दुकान सकाळी थोडाच वेळ उघडतं, म्हणून आणखी काही लागणार असेल तर एकदमच सांगा.

ऊनवारा
२१ एप्रिल २०२०

दक्षिणेच्या गॅलरीचं आधी सांगतो, कारण तो गैरसमज घट्ट आहे. दक्षिणेचं ऊन घरात येतं ते डिसेंबर-जानेवारीत, सूर्य खाली असतो तेव्हा. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. आत्ताही तो फारसा कललेला नसतो. वर स्लॅब असेल तर दक्षिणेच्या गॅलरीत कठड्यालगतच्या पट्टीपलीकडे ऊन येतच नाही. या दिवसांत सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या जरा उत्तरेला. म्हणून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या गॅलऱ्याच कामाच्या. तुमची पश्चिमेची आहे, तिच्यावर समाधान माना.

दुसरं म्हणजे, पदार्थ वाळतो तो कोरड्या, हलत्या हवेने. ऊन त्याला मदत करतं. एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की सावलीत टाकलेली जीन्ससुद्धा संध्याकाळपर्यंत वाळते. तुम्हाला वारा खेळता ठेवायचाय. फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पदार्थ घातला की खालची बाजू कोंडते. कपडे वाळत घालायचा आडवा स्टँड उघडा, त्यावर जाळी किंवा सुतळी विणलेली चौकट ठेवा आणि त्यावर पदार्थ. जमिनीपासून दीड-दोन फूट उंची मिळाली तरी फरक पडतो. कबुतरांसाठी जुनी मच्छरदाणी स्टँडवरून सोडायची आणि कडा कपड्यांच्या चिमट्यांनी पक्क्या करायच्या. मच्छरदाणी पदार्थाला टेकू द्यायची नाही, ओल्या चिकाला चिकटली तर दोन्ही वाया जातात.

संध्याकाळी सहा-साडेसहाला सगळं आत. रात्री हवेतला ओलावा वाढतो आणि दिवसभर वाळलेलं पुन्हा नरम पडतं. वळिवाचा पाऊस बहुतेकदा दुपारनंतर येतो, म्हणजे नेमका तुमच्या उन्हाच्या वेळी. तीन वाजता पश्चिमेला काळं दिसलं की आवरा, थेंब पडायची वाट बघू नका.

सोऱ्यावाली काकू
२२ एप्रिल २०२०

वाराबिरा वर सांगून झालंय, मी सामानाचं सांगते.

बटाट्याचा कीस पहिला करा. तुमच्या गॅलरीला तोच सगळ्यात सोयीचा, कारण पातळ असतो आणि दीड-दोन दिवसांत कडकडीत होतो. एका वेळी २ किलोच बटाटे घ्या. सोलून थेट पाण्यात किसा. हवेत उघडा राहिला की बटाटा काळपट-लाल पडतो. तीन पाणी बदला, पाणी नितळ दिसेपर्यंत. पांढरं पिठूळ पाणी राहिलं तर कीस एकमेकांना चिकटतो. ३ लिटर पाणी उकळून २ चमचे मीठ आणि हरभऱ्याएवढा तुरटीचा खडा घाला. कीस टाकून तीन मिनिटं. वाकायला हवा, तुटायला नको. जास्त शिजला तर पसरताना लगदा होतो, कमी शिजला तर वाळताना लाल होतो. चाळणीवर निथळून सुती कापडावर विरळ पसरा, ढीग नको. २ किलोचा सुकून जेमतेम ४०० ग्रॅम होतो, तेव्हा हिरमुसू नका. बटाट्यात पाणीच असतं.

सध्या बटाटे साबणाने धुणारे पुष्कळ निघालेत. नका धुऊ. पाण्यात घालून चोळून धुवा, साल तशीही जाणारच आहे. आणि हाताला सॅनिटायझर लावून गॅसपाशी उभं राहायचं नाही. त्यात अल्कोहोल असतं, पेटतं. स्वयंपाकघरात साबण-पाणी पुरे.

साबुदाण्याच्या पळीपापड्या दुसऱ्या नंबरला. १ वाटी साबुदाणा रात्री बुडेल इतक्याच पाण्यात भिजवा. सकाळी ५ वाट्या पाणी उकळून त्यात घाला, जिरं, मीठ, वाटलेली हिरवी मिरची, आणि दाणे काचेसारखे दिसेपर्यंत ढवळत शिजवा. मधे पांढरा ठिपका राहिला तर तळल्यावर तिथे दाताखाली खडा लागतो. या मात्र जाड प्लास्टिकवरच घालायच्या, कापडाला चिकटून बसतात. प्लास्टिक दोन मोठ्या ताटांवर किंवा ट्रेवर ताणून घ्या, म्हणजे उचलून आत नेता येतं. संध्याकाळी कडा सुटायला लागतात, तेव्हा उलटा.

मीठ सगळ्यातच चवीपेक्षा कमी. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. ओल्या पिठाची चव बरोबर लागली म्हणजे वाळल्यावर खारट होणार हे समजून चाला.

सांडगे करा, पण लहान. मूगडाळ चार-पाच तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटा. लसूण, मिरची, जिरं, मीठ. हरभऱ्याहून थोडे मोठे घाला, बोराएवढे नकोत. बाहेरून टणक आणि आतून ओला राहिलेला सांडगा पावसाळ्यात डबा नासवतो. वाळलाय का ते सगळ्यात मोठा फोडून बघा.

कुरडई शेवटी, आणि २ किलोची नाही. अर्धा किलो गहू घ्या. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. या उकाड्यात एक पाणी चुकलं तरी वास फिरतो, आणि हल्ली वार कुठला हे भिंतीवरच्या कॅलेंडरलाही नीट सांगता येत नाही, म्हणून पातेल्याला तारखेची चिठ्ठी चिकटवा. चौथ्या दिवशी सकाळी मिक्सरमध्ये पाणी घालून थांबत थांबत फिरवा. सलग बारीक केलं की कोंड्याचंही पीठ होतं, ते फडक्यातून उतरतं आणि कुरडई तपकिरी होते. फडक्यातून पिळा, चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळा. चीक झाकून रात्रभर ठेवा.

सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओता. खालचा दाट चीक वाटीने मोजा. जितका चीक तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळा, त्यात मीठ, हिंग आणि एक चमचा तेल. चीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. घरात दुसरं कोणी असेल तर त्याला धरायला लावा, सध्या घरी सगळेच आहेत. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, मग झाकण ठेवून एक वाफ. ओल्या बोटाला चिकटला नाही आणि चकाकी आली की झाला. थोडा वाटीत काढून तूप-साखर घालून खायचा, हे सांगायला नकोच.

तुमचं ऊन दोनला येतं म्हणून अकराच्या आत घालून व्हायला हव्यात. ऊन येईपर्यंत वरून पंखा लावा, तोवर बाहेरून सुकत येतात. ढगाळ दिवशी चीक शिजवूच नका. पाणी बदलून झाकून फ्रीजमध्ये एक दिवस थांबतो.

उडदाच्या पापडांना तर ऊन लागतच नाही. ते सावलीतच वाळवतात, कडक उन्हात वाकडे होतात आणि चिरतात. दिवाणावर साडी अंथरून पंख्याखाली घाला. उडदाचं पीठ आणि पापडखार मिळाला तर आणा, नाही मिळाला तर राहू द्या. खाण्याचा सोडा पापडखाराऐवजी घालायचे सल्ले फिरताहेत. तो पापड लाल होतो आणि चवीला उतरतो.

पार्किंग पी-२
२२ एप्रिल २०२०

एक सुचवणी. महिनाभर गाड्या उभ्याच आहेत. उन्हात लावलेल्या गाडीत तापमान सहज पन्नासच्या वर जातं. मागच्या काचेपाशी ताट ठेवलं तर?

ऊनवारा
२२ एप्रिल २०२०

उष्णता आहे, पण ओलावा जाणार कुठे? अर्ध्या तासात काचा आतून घामेजतात आणि पदार्थ वाफेवर शिजल्यासारखा होतो. चारही काचा दोन-दोन बोटं खाली ठेवल्या तर ओली वस्तू नाही, पण आधी वाळत आलेली मिरची किंवा कीस शेवटचा कडक करून घ्यायला गाडी चालेल. सीटच्या प्लास्टिकचा आणि सुगंधी डबीचा वास मात्र लागतो. सांडग्यांना तर नक्कीच. मी तरी सुचवणार नाही.

घरातल्या यंत्रांचं सांगतो. छताचा पंखा उत्तम, रात्रभर मध्यम वेगाने. जोरात लावला तर कीस घरभर. डेझर्ट कूलर त्या खोलीत अजिबात नको, तो हवेत पाणीच सोडतो. एसी असेल तर ड्राय मोडवर चांगलं काम करतो, पण बिलाकडे बघता एवढा लाड कुरडईचा करायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा. पंख्याचा ओव्हन असेल तर ६० अंशांवर, दाराला लाकडी चमच्याची फट ठेवून. फट नसेल तर गाडीसारखीच गत.

तिसरा मजला, वारजे
२७ एप्रिल २०२०

कीस आणि पापड्या उत्तम. कुरडईचा चीक सोऱ्यातून निघताना तुटतोय आणि पहिल्या चार-पाचनंतर सोऱ्या दाबलाच जात नाही. ज्या निघाल्या त्यांच्या तारा पसरट दिसतात. सोऱ्या पितळी, दाबायचा.

सोऱ्यावाली काकू
२७ एप्रिल २०२०

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. तुटतो आणि दाबला जात नाही म्हणजे चीक गार झालाय. पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा, झाकण लावून, आणि एका वेळी एकाच सोऱ्याला पुरेल इतका काढा. सोऱ्याला आतून तेलाचा हात. तारा पसरट म्हणजे पाणी जास्त झालं. वरचं पाणी पुरतं ओतलं गेलं नसेल तर चीक आधीच पातळ असतो आणि मग बरोबरीचं पाणी जास्त होतं. पुढच्या वेळी वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी कमी घ्या.

आता उरलेल्या चिकाचं सोऱ्याशी भांडत बसू नका. पळीने पापड्या घाला, तळल्यावर चव तीच.

दाबायच्या सोऱ्याने अर्ध्या किलोच्या वर एकटीने जाऊ नये, मनगट धरतं. फिरवायचा स्टीलचा सोऱ्या कोणाकडे असेल तर मागून घ्या. पिशवीत घालून दाराशी ठेवायला सांगा, घरी आणून गरम पाण्याने धुवा.

सी विंग सेक्रेटरी
२८ एप्रिल २०२०

गच्चीबद्दल. इमारत सील केलेल्या भागात असेल तर विषयच नको. नसेल तर समितीला लेखी विचारा, पण "गच्ची उघडा" असं मोघम नको. दिवसाला दोन घरं, घरटी एक माणूस, सकाळी आठ ते नऊ घालायला आणि सहा ते साडेसहा काढायला, किल्ली वॉचमनकाकांकडे, लहान मुलं वर नाहीत, असं कागदावर द्या. समितीला भीती असते ती गच्चीवर भरणाऱ्या गप्पांच्या अड्ड्याची. कुरडयांची नव्हे.

तिसरा मजला, वारजे
४ जून २०२०

कालच्या निसर्ग वादळात गॅलरीत पाणी आत आलं. शेवटचा कीस स्टँडवर होता, तो भिजला. लाइट गेल्यामुळे पंखाही नव्हता. डब्यातल्या कुरडया हाताला किंचित नरम लागताहेत. काय वाचेल?

सोऱ्यावाली काकू
४ जून २०२०

पावसाच्या पाण्याने भिजलेला कीस टाका. गॅलरीचं पाणी स्वच्छ नसतं, आणि रात्रभर ओला राहिलाय.

कुरडया आधी नीट बघा आणि हुंगा. काळा-हिरवा ठिपका किंवा कुबट वास एकीला जरी असेल तर तो अख्खा डबा बाद. चांगल्या वेचून ठेवू नका, बुरशीचं विष तळूनही जात नाही. ठिपका नसेल आणि नुसत्याच नरम असतील तर लाइट आल्यावर मोकळ्या करून पंख्याखाली एक दिवस, किंवा ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर. कट् असा आवाज करून मोडली पाहिजे. मग पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास तरी. कोमट भरल्या तर डब्याला आतून घाम येतो.

मृग लागायला तीन-चार दिवस आहेत. मधे एखादी दुपार कोरडी मिळाली तर सांडग्यांनाही ऊन दाखवून घ्या. डबे छोटे करा, एका मोठ्याऐवजी चार. रोज उघडायचा तो वेगळा, बाकीच्या तिघांच्या झाकणांना चिकटपट्टी.