च-जच्या पायाखाली टिंब कशाला?

नागमोडी: काल इथे कुणीतरी फर्मान काढलं: "दंततालव्य, म्हणजे ‘चाऱ्या’तल्यासारख्या, च, ज, झ यांना नुक्ता, म्हणजे खाली टिंब, द्या, पहिलीपासून सक्तीचा करा, नाहीतर मराठी मेलीच." वाचल्यापासून डोकं फिरलंय. अहो, ‘चार गायी’ आणि ‘गायीचा चारा’ यात आजवर कुणाचा घोटाळा झालाय? देवाचे चरण आणि म्हशीचं चरणं कुणी एक केलंय? शिवाय माझा-माझी, घरचा-घरची, चमचा-चमचे बघा. पुढे ई-ए आला की जीभ आपोआप टाळूला जाते. म्हणजे एकाच शब्दाच्या एका रूपाला टिंब, दुसऱ्याला नाही! १९६२ च्या नियमांनी डोक्यावरचे न बोलले जाणारे अनुस्वार घालवले तेव्हा लोकांनी हुश्श केलं. आता तीच टिंबं पायाखाली घ्यायची?

सिंगापूरची आई: घोटाळा तुमचा होत नाही, कारण तुम्ही आधी ऐकलंय आणि मग वाचलंय. माझी लेक उलटी शिकली. ‘चांगली’तला च ती ‘चंद्रा’तला काढायची. फोनवर आजी हसली, मामा हसला, आता ती फोनवर येतच नाही. आणि तुमचा ई-एचा नियम ‘चार’ आणि ‘चारा’ला लावून दाखवा. दोन्हीकडे आ आहे. तिला काय सांगू?

निवृत्त बाई: मी जन्मभर पहिली-दुसरीच शिकवली. पोरं काना-वेलांटी विसरतात, टिंबं काय धड देणार? आणि ‘हिंदीत ज़ आहेच की’ हे पालुपद बंद करा. तो नुक्ता फारसी-अरबी शब्दांसाठी आला. आपला ‘जांभूळ’मधला ज घरचा आहे, त्यात द मिसळलेला असतो.

तापीकाठ: च-ज राहू द्या. माझ्या मोबाइलवरची रस्ता सांगणारी बाई ‘जलगाव’ म्हणते. ज चुकीचा आणि ळचा ल. टिंबानं ळ येणार आहे का?

निवृत्त बाई: ळ आपल्याच माणसांना कुठे येतो? तिकडचे सर्रास ‘जयगाव’ म्हणतात.

तापीकाठ: ‘तिकडचे’ म्हणजे मी. आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. आई तशीच बोलायची. सहावीत तालुक्याच्या शाळेत ‘केयी’ म्हणालो, तर गुरुजींनी फळ्यासमोर उभं करून दहादा ‘केळी’ म्हणायला लावलं. वर्ग खिदळत होता. केळ्यांच्या जिल्ह्यातला माणूस मी, आणि पुण्यात हातगाडीवर बोट दाखवून ‘हे डझनभर द्या’ म्हणतो! आमच्याच बोलीतल्या बहिणाबाईंच्या कविता पाठ्यपुस्तकात चालतात, आमचं तोंड चालत नाही.

निवृत्त बाई: गुरुजी चुकले. पण परीक्षेत ‘केयी’ लिहिलं तर मार्क कोण देणार?

तापीकाठ: लिहिण्याचं कोण बोलतंय? मीही ‘जळगाव’च लिहितो. बाई, तुम्ही किती जणांना असं उभं केलंत तेवढं सांगा.

निवृत्त बाई: वैयक्तिक होऊ नका.

तापीकाठ: ‘तिकडचे’ वैयक्तिक नव्हतं?

उगाचच: तिकडे आगरी-कोळी डोळ्याला ‘डोला’ म्हणतात, त्यांनाही घ्या रांगेत. ऋग्वेदाची पहिली ऋचा ‘अग्निमीळे’नं सुरू होते. पुढच्या संस्कृतानं तो ळ टाकलाच. तेव्हा कुठल्या पंडिताला फळ्यासमोर उभं केलं?

निवृत्त बाई: ...केलंय उभं. दोघा-तिघांना. तेव्हा तशीच पद्धत होती. झालं समाधान?

तापीकाठ: नाही. पण सांगितलंत, एवढं पुरे.

सिंगापूरची आई: प्रश्न नुक्त्याचा होता, आठवतंय का कुणाला?

नागमोडी: आठवतंय. चार-चाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही, घ्या. कोशात द्या टिंब. तेलुगूतही च-जचे असेच दोन उच्चार आहेत, तिथले कोश खूण करतात. देवनागरीत काश्मिरी लिहिताना तर च़ लागतोच. परक्यांसाठीच्या पुस्तकात हवं तर दोन टिंबं द्या. आमच्या पहिलीत नको.

सिंगापूरची आई: परक्यांसाठी? माझी मुलगी परकी?

तापीकाठ: या ताई, बसा. आमच्या बाकावर जागा आहे.

नागमोडी: शब्द मागे घेतो. टिंब देणार नाही.